टोडस्टूल नऊ दिवस मिटलेलं, झोआ मात्र मस्त : मुंबईच्या उन्हाळ्यातली सॉफ्ट कोरलची टाकी

उपनगरी_दर्या | ११ मे, रात्री ९:१०
खाऱ्या पाण्याची टाकी ९०×४५×४५ सेंमी, मुलुंड, सातवा मजला, पश्चिमेची खिडकी. सम्प (खालची गाळणटाकी) नाही, मागे लटकवलेला स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) आहे. पाच महिने झाले. दोन क्लाउनफिश, काही गोगलगायी. कोरल : टोडस्टूल (टोपी ७ सेंमी), त्याच्या शेजारी फिंगर लेदर, झोआचे (झोअँथिड) तीन फ्रॅग (कापून लावलेले तुकडे), चार मशरूम कोरल, जीएसपीचा (ग्रीन स्टार पॉलिप) एक प्लग (कोरल चिकटवायची छोटी चकती).

टोडस्टूल नऊ दिवस मिटलंय. टोपी मेण चोपडल्यासारखी चकचकीत, कडेला तपकिरी शेवाळ धरलंय. बाकी सगळे उघडतात.

तापमान सकाळी २७.४, संध्याकाळी २९.६. क्षारता (पाण्यातलं मीठ) सुईच्या हायड्रोमीटरवर १.०२५ विशिष्ट घनता. केएच (कार्बोनेटचं प्रमाण) ८.६, नायट्रेट २, फॉस्फेट ०. गेल्या पंधरवड्यात केलेले बदल : फॉस्फेट काढणारे लोहाचे दाणे १०० ग्रॅम पिशवीत घालून टाकले, दिवा ६० वरून ९० टक्के केला, आयोडीन रोज दोन थेंब. आयोडीन वाढवू का?

कवडी | ११ मे, रात्री ९:५२
वाढवू नका, बंद करा. आयोडीन मोजायचा टेस्ट किट घरात नसेल तर ते घालायचंच नाही. आठवड्याच्या पाणीबदलात मिठातून जेवढं येतं तेवढं सॉफ्ट कोरलला पुरतं.

तुम्ही लिहिलंय ती कात टाकण्याची खूण आहे. टोडस्टूल म्हणजे सार्कोफायटन. हे दर काही आठवड्यांनी पॉलिप (टोपीवरची फुलासारखी छोटी तोंडं) आत ओढतं, वरून मेणकट पापुद्रा धरतं आणि अंगावर बसलेलं शेवाळ, गाळ त्या पापुद्र्यासकट सोडून देतं. आठ-दहा दिवस नेहमीचे, पंधराही लागतात. देठ ताठ आहे, वास नाही, रंग टिकून आहे, तोवर घाबरायचं कारण नाही. देठ लुळा पडला, एखादा भाग काळपट किंवा पांढरट होऊन बोटाला चिकटला, कुजका वास आला, तर ती कात नव्हे, सड. मग धारदार पात्याने निरोगी भागापर्यंत कापून काढावं लागतं.

पापुद्रा नखाने ओढू नका. वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) थोडा वळवा, म्हणजे टोपीवरून पाणी आडवं, हलतं जाईल. समोरून सरळ झोत नको. दिवसातून एकदा टर्की बेस्टरने किंवा मोठ्या सिरिंजने हलकेच फवारा मारा. सुटायचं ते सुटेल.

टीडीएस_शून्य | ११ मे, रात्री १०:२०
कवडीताई म्हणतात ते बरोबर, पण कात सारखी सारखी किंवा लांबत राहिली तर पाणीच तिला तसं करायला लावतंय असं समजा. इथे एका पंधरवड्यात तीन बदल झालेत. एकेक पाहू.

पहिला, दाणे. ९०×४५×४५ म्हणजे कागदावर १८२ लिटर. वरची मोकळी जागा, वाळू, दगड वजा केलं की खरं पाणी १५० लिटरच्या आसपास. औषध, दाणे, कार्बन (घाण शोषणारा कोळसा), सगळं या १५० वर मोजा. १०० ग्रॅम दाणे एकदम म्हणजे फॉस्फेट दोन-तीन दिवसांत तळाला. सॉफ्ट कोरलला स्वच्छ पाणी आवडतं हा गैरसमज फार पसरलाय. त्यांना फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि नायट्रेट ५ ते १५ पीपीएम (दशलक्षात इतके भाग) हवं असतं. दोन्ही शून्यावर गेली की कोरल फिकटतं, आक्रसतं, आणि मोकळ्या जागेवर डायनो (डायनोफ्लॅजेलेट सूक्ष्मजीव) येतात : तपकिरी, शेंबडासारख्या तारा, त्यांत बुडबुडे अडकलेले. एकदा ते आले की महिनोन्महिने निस्तरत बसावं लागतं. दाणे आजच काढा, माशांचं खाणं थोडं वाढवा. पुढे कधी लागलेच तर २० ग्रॅमपासून सुरुवात करा, दर चार दिवसांनी फॉस्फेट तपासत.

दुसरा, दिवा. ६० वरून ९० एका झटक्यात नेणं म्हणजे ऑफिसातून थेट मे महिन्यातल्या शेतात. ५५ वर आणा, दर आठवड्याला ५ टक्के वाढवा, आणि कोरल ठीक दिसतंय तिथे थांबा. १०० गाठणं हे उद्दिष्ट नाही.

तिसरा म्हणजे आयोडीन. त्याचं वर आलंच आहे.

आणि तो सुईचा हायड्रोमीटर. सुईला एक बुडबुडा चिकटला की आकडा जास्त दाखवतो, मिठाचा थर चढला की कमी. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून मीठ मोजणारं यंत्र) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) तयार द्रावणाने जुळवा. नुसत्या आरओच्या पाण्याने शून्य जुळवलं की ३५ ला चुकलेला असू शकतो, आणि आपल्याला काम आहे ते ३५ शी.

उपनगरी_दर्या | ११ मे, रात्री १०:४१
पाणी घरच्या आरओ प्युरिफायरचं वापरतोय. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ४० येतो. चालेल ना?

टीडीएस_शून्य | ११ मे, रात्री १०:५८
नाही. घरच्या प्युरिफायरला बहुतेक वेळा टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. चवीसाठी तो कच्चं पाणी मुद्दाम परत मिसळतो. काहींत खनिजांचं काडतूस असतं. म्हणजे मेम्ब्रेनने काढलेलं अर्धं परत आत. मुंबईचं धरणाचं पाणी मुळात मऊ, टीडीएस साधारण शंभराच्या आत. चांगली मेम्ब्रेन त्यातलं ९५-९८ टक्के काढते, म्हणजे २-४ उरायला हवेत. तुमच्याकडे ४० म्हणजे व्हॉल्व्ह उघडा आहे किंवा मेम्ब्रेन गेली.

टाकीसाठी वेगळा संच : गाळाचं काडतूस, कार्बन, ७५ जीपीडी (दिवसाला ७५ गॅलन) मेम्ब्रेन, शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार ओढून घेणारे दाणे). डीआयनंतर मीटर ० दाखवला पाहिजे. १-२ दिसायला लागले की रेझिन बदला. ओव्हरहेड टाकीतून येणाऱ्या पाण्याला वरच्या मजल्यांवर दाब नसतो, म्हणून बूस्टर पंप लागतोच. दाब कमी असला की पाणीही कमी येतं आणि गाळणीही नीट होत नाही. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की गाळाचं काडतूस तीन आठवड्यांत चहासारखं होतं. जून ते सप्टेंबर दोन जास्तीची घेऊन ठेवा. सोसायटीची टाकी ब्लीचिंग टाकून धुतली की पुढचे दोन दिवस पाणी बनवू नका, क्लोरीन मेम्ब्रेन खातो. फेकलं जाणारं पाणी बादलीत धरा, कपड्यांना उत्तम.

नवीन_भरती | १२ मे, सकाळी ८:१५
एसीचं पाणी का नाही वापरत कुणी? टीडीएस ५-१० असतो, फुकट, आणि मेमध्ये रोज बादलीभर मिळतं.

कवडी | १२ मे, सकाळी ८:३३
एसीचं पाणी तांब्याच्या नळ्या आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्यांवरून ओघळतं. टीडीएस मीटर एकूण क्षार मोजतो, त्यात तांबं किती हे सांगत नाही. माशांना चालून जाईल एवढं तांबं गोगलगायी, कोळंबी आणि कोरलला मारतं, आणि दगड-वाळूत मुरलं की महिनोन्महिने बाहेर पडत राहतं. टाकीत नको.

याच कारणाने पितळी नळ, कॉक, जोड पाण्याच्या वाटेत ठेवू नका. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं तांब्याचं औषधही वेगळ्या बादलीत, या टाकीत कधीच नाही.

चिलरमिस्त्री | १२ मे, सकाळी ११:०५
मूळ दुखणं तापमानाचं दिसतंय. दिवसात २.२ अंशांचा हेलकावा आणि वर २९.६. सॉफ्ट कोरल २४ ते २७ मध्ये सुखात असतात, २८ सहज काढतात. २९ च्या वर टिकून राहिलं की आतली सूक्ष्म शैवालं, ज्यांच्यावर त्यांचं जेवण चालतं, ती बाहेर पडायला लागतात.

पंखा लावून बघितला असेल. पंखा पाण्याची वाफ करून गारवा देतो, म्हणून तो हवेतल्या दमटपणापुढे हतबल असतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जे दाखवतो त्याच्या खाली पंखा पाण्याला कधीच नेऊ शकत नाही. मेमध्ये मुंबईत ते २६-२७ असतं. त्यात पंप, दिवा आणि खोलीची उष्णता मिळवली की पंख्यावर २८-२८.५ ला येऊन अडकता. जानेवारीत कोरडी हवा असते, तोच पंखा तीन अंश खाली आणतो, तेव्हा लोकांना वाटतं काम झालं.

चिलर घ्या. १५० लिटरला १/१० एचपी पुरेल असं खोक्यावर लिहिलेलं असतं. ते थंड देशातल्या खोलीचं गणित. इथे एक माप वरचा घ्या, म्हणजे तो दिवसभर न धापता थोडा वेळ चालून बंद होईल. २६ ला लावा, फरक अर्धा ते एक अंश. आणि चिलर कपाटात कोंडू नका. तो पाण्यातली उष्णता काढून मागून बाहेर फेकतो. कपाट बंद असेल तर तीच हवा परत ओढतो आणि कंप्रेसर जळतो. मागे किमान एक वीत मोकळी, शक्य तर तोंड बाल्कनीकडे. जाळीवर धूळ बसते, महिन्यातून एकदा ब्रश.

पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा. दुपारी चार ते सहाचं ऊन काचेवर पडत असेल तर तुमचा संध्याकाळचा आकडा तिथूनच येतोय.

टीडीएस_शून्य | १२ मे, दुपारी १२:४०
पंखा चालू असेल तर आणखी एक हिशेब. एवढ्या पृष्ठभागावरून दिवसाला २-३ लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही. तीन दिवस भरणी (उडालेल्या पाण्याची भर) केली नाही तर ९ लिटर गेलं : ३५ पीपीटीचं ३७.२ झालं. म्हणून भरणी साध्या डीआय पाण्याने, रोज. स्वयंचलित भरणी लावलीत तर तिचा डबा १० लिटरच्या वर नको. सेन्सर अडकून अख्खा डबा रिकामा झाला तरी ३५ चं ३२.८ होतं, कोरल रुसतात पण जगतात. ५० लिटरचा ड्रम जोडलात तर काय होईल ते गणित तुम्हीच करा.

उपनगरी_दर्या | १२ मे, रात्री ९:२५
रिफ्रॅक्टोमीटर आणला, ३५ च्या द्रावणाने जुळवला. पाणी ३८ पीपीटी निघालं! आता?

कवडी | १२ मे, रात्री ९:४४
हे घ्या, अर्ध्याहून जास्त उत्तर मिळालं. घाई नको. १५० लिटर ३८ वरून ३५ ला आणायला साधारण १२ लिटर टाकीचं पाणी काढून तेवढंच साधं डीआय घालावं लागेल. ते चार दिवसांत, रोज ३ लिटर. वाढ सोसायला कोरलला आठवडे मिळाले होते, उतरंडही सावकाश द्या.

ओहोटी | १३ मे, सकाळी ७:२०
शेजारी फिंगर लेदर आहे हे कुणी पकडलं नाही. ते सिन्युलारिया. या दोघांकडे दंश करायला फारसं काही नाही, म्हणून ती रसायनांनी लढतात. टर्पीन वर्गातली संयुगं पाण्यात सोडतात, शेजाऱ्याची वाढ खुंटवतात. खुल्या समुद्रात ती वाहून जातात, १५० लिटरमध्ये जाणार कुठे? दोघांत १५-२० सेंमी अंतर ठेवा आणि पाण्यात कार्बन कायम असू द्या : ६० ते ७० ग्रॅम, बारीक जाळीच्या पिशवीत, आधी काळं पाणी जाईपर्यंत धुऊन. चार आठवड्यांनी फेकायचा. जुना कार्बन काही करत नाही, नुसती घाण धरतो.

नावांचा गोंधळही काढतो. खऱ्या सॉफ्ट कोरलच्या पॉलिपला आठच शुंडके असतात, पिसासारखे फाटे असलेले. टोडस्टूल, फिंगर, केनिया ट्री, झेनिया, जीएसपी ही ती मंडळी. झोआ आणि मशरूम शास्त्रानुसार या घराण्यातले नव्हेत, समुद्रफुलांच्या जवळचे. दुकानात सगळी एकाच रांगेत विकली जातात कारण सांभाळायची रीत सारखी. ही रीत केएच ८-९, कॅल्शियम ४००-४४०, मॅग्नेशियम १२८०-१३५० एवढीच. कॅल्शियम ती थोडंच खातात, आठवड्याला १५ लिटर पाणीबदल पुरतो. डोसिंग पंपाचा खर्च वाचवा.

उपनगरी_दर्या | १३ मे, रात्री ८:५०
जागा कुणाला कुठे द्यावी? जीएसपी मुख्य दगडावर चिकटवणार होतो.

कवडी | १३ मे, रात्री ९:१५
मुळीच नका! जीएसपी म्हणजे भाडेकरू म्हणून आलेला आणि घर बळकावणारा. जांभळी चटई वाटेतल्या सगळ्यांवरून जाते. वाळूत सुटा दगड ठेवा, चहूबाजूंनी ८-१० सेंमी वाळू, त्यावर तो. नाहीतर मागच्या काचेवर चिकटवा, भिंतभर हिरवळ फार देखणी दिसते. झेनियालाही हाच न्याय.

मशरूम खाली, सावलीत, मंद पाण्यात, पार (कोरलला मिळणाऱ्या प्रकाशाचं माप) ३० ते ८०. तिथे प्रवाह जास्त झाला की ती दगड सोडून तरंगत निघतात आणि पंपात सापडतात. झोआ मधल्या उंचीवर, ८०-१२०. लेदर (टोडस्टूल, फिंगर) वर, १००-२००, पाणी सर्वांत हलतं. एकूण वेव्हमेकर तासाला ३,००० ते ३,५०० लिटरचा पुरे, भिंतीवर आपटून परत येईल असा लावलेला.

नवीन_भरती | १४ मे, सकाळी १०:०२
लेदर कापून वाढवतात म्हणे. फेव्हिक्विकने चिकटतं का?

कवडी | १४ मे, सकाळी १०:४०
लेदर कापलं की एवढा शेंबूड सोडतं की कुठलाच गोंद धरत नाही. आधी कोरल पूर्ण उघडं आणि निरोगी हवं. मिटलेलं किंवा कात टाकणारं कापायचं नाही. टाकीबाहेर, टाकीच्याच पाण्याच्या वाडग्यात, नव्या ब्लेडने टोपीच्या कडेची २-३ सेंमीची फोड एका दमात कापा. दुसऱ्या वाडग्यात खळबळून शेंबूड काढा. मग बारीक दगडांच्या छोट्या डब्यात ठेवून वर मच्छरदाणीची जाळी रबर बँडने ताणून लावा आणि मंद प्रवाहात ठेवा. दहा-चौदा दिवसांत ती एखादा खडा धरते, मग तो खडा प्लगला जेल गोंदाने चिकटवा. साधं फेव्हिक्विक पातळ असतं, पाण्यात पसरतं, जेल घ्या. रबर बँड थेट फोडीवर आवळला तर तो तिला दोरीसारखा कापत जातो. कापल्यावर दोन्ही वाडग्यांतलं पाणी टाकीत ओतू नका, कार्बन नवा घाला.

जीएसपी सोपं : चटईचा तुकडा सोलायचा, कागदी रुमालावर तळ टिपायचा, जेलने लावायचा.

झोआबद्दल मात्र थांबा, ते ओहोटी सांगतील.

ओहोटी | १४ मे, सकाळी ११:३०
झोआ आणि विशेषतः त्यांचा तपकिरी, जाडजूड भाऊ पॅलिथोआ यांत पॅलिटॉक्सिन असू शकतं. माहीत असलेल्या सर्वांत जहाल नैसर्गिक विषांपैकी ते एक. बागुलबुवा म्हणून सांगत नाही, पण पुढचं पाळाच. झोआ असलेला दगड उकळायचा नाही, गरम पाण्याने घासायचा नाही, कोरडा करून खरवडायचा नाही, फिरत्या कटरने कापायचा नाही. विष वाफेबरोबर, तुषारांबरोबर हवेत जातं आणि एसी लावून बंद केलेल्या खोलीत अख्खं घर आजारी पडतं. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, हाताला जखम नको, मुलं आणि मांजर खोलीबाहेर. झाल्यावर अवजारं एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात अर्धा तास.

तोंडात धातूसारखी कडू चव, ओठांना मुंग्या, ताप, अंगदुखी, श्वास लागणे, डोळे आग होणे यांतलं काही झालं तर उघड्यावर या आणि सरळ रुग्णालयात. तिथे "पॅलिटॉक्सिन" हा शब्द कागदावर लिहून द्या, कारण हे इथे रोज येणारं प्रकरण नाही. त्यावर उतारा नाही, लक्षणांवर उपचार होतात, म्हणून वेळ महत्त्वाचा.

आणि कुणी विचारायच्या आधीच : हाजीअली, वरळी, बँडस्टँडच्या खडकांवर ओहोटीला असे पुंजके दिसतात. बघा, फोटो काढा, खरवडून आणू नका. सर्व दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनारी रस्त्याच्या वेळी महापालिकेलाही वरळी-हाजीअलीची प्रवाळं हलवायला परवानगी काढावी लागली होती, आपण कोण? सजावटीचा मेलेला कोरलदगडही त्यातच येतो. टाकीत कृत्रिम सिरॅमिक दगड घ्या. दुकानातलं कोरल घेताना आयातीची पावती मागा.

कवडी | १४ मे, दुपारी १:१०
नवीन फ्रॅग आणला की पिशवी १५ मिनिटं तरंगत ठेवा, मग वेगळ्या वाडग्यात कोरल डिप (कीड मारायच्या औषधात बुडवणं), बाटलीवरच्या मापाने, जास्त शहाणपण नको. झोआवर झोआसारख्याच रंगाची समुद्री गोगलगाय असते, ती पॉलिप खाते आणि त्याच्याच रंगाची होते, सहज दिसत नाही. डिपने प्राणी मरतो, अंडी नाही. पॉलिपच्या खाली पांढरी वळणदार लड दिसली की ती अंडी. प्लग काढून फेका, आणि सहा दिवसांनी पुन्हा डिप. पिशवीतलं पाणी मोरीत.

चिलरमिस्त्री | १४ मे, रात्री ८:०५
विजेचं राहिलं. सगळं ३० एमएच्या (मिलीअँपिअर) आरसीसीबीवर (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब झोलातून पडतो, सॉकेटमध्ये जात नाही. पावसाळ्यात मीठ आणि दमट हवा मिळून प्लगच्या पिना हिरव्या पडतात, दोन महिन्यांनी पुसा.

मुंबईत वीज जात नाही म्हणणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२० ला शहरभर गेलेली वीज आठवा. बॅटरीवरचा एअर पंप एक कपाटात असू द्या. वीज गेल्यावर आधी ऑक्सिजन संपतो, तापमान नंतर चढतं. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर, चिलर नाही.

उपनगरी_दर्या | २३ मे, रात्री ९:३०
क्षारता ३५. नायट्रेट ६, फॉस्फेट ०.०४. चिलर २६ वर. काल टोपीवरचा पापुद्रा चादरीसारखा सुटून स्किमरच्या जाळीत अडकला, आज मधले पॉलिप बाहेर. कडा अजून बंद.

रविवारी सोसायटीत पेस्ट कंट्रोल आहे, काय करू?

कवडी | २३ मे, रात्री ९:४८
पापुद्रा जाळीतून काढून टाका, कुजला तर फॉस्फेट वाढेल. कडा शेवटीच उघडतात.

फवारा हवेतून पाण्यात जातो तो दोन वाटांनी : पृष्ठभागातून आणि स्किमरच्या हवेच्या नळीतून. दुसरी वाट लोक विसरतात. फवाऱ्याआधी स्किमर आणि एअर पंप बंद, टाकीवर ओलं जाड कापड, वेव्हमेकर मात्र चालू. टाकीच्या खोलीत फवारणी नको म्हणून सांगा, जेल लावायला सांगा. चार तास खिडक्या उघड्या ठेवून मगच कापड काढा, स्किमर चालू करा, नवा कार्बन घाला. मच्छर मारायचा स्प्रे, कॉइल, गणपतीतला धूप या सगळ्यांना हाच नियम.

टीडीएस_शून्य | २३ मे, रात्री १०:१५
जून यायच्या आत मिठाची पिशवी हवाबंद डब्यात भरा. दमट मीठ वजनाला जड होतं, मग लिटरला ३६ ग्रॅमचं माप चुकतं, आणि गठ्ठे झालेल्या मिठात कॅल्शियम-कार्बोनेट आधीच बसतं, पाणी दुधाळ होतं आणि केएच कमी येतो. १५ लिटरला ५४० ग्रॅम मोजा, रात्रभर पंपाने फिरवा, सकाळी रिफ्रॅक्टोमीटर बघा, मगच टाकीत.